आधी ‘श्री’, मग सुटकेस

सुट्टी लागली की रायपूरच्या मराठी घरांतून नागपूर-पुण्याकडे बॅगा निघतात, आणि त्याआधी गोल बाजारात एक फेरी ठरलेली असते. जन्मापासून अंत्यविधीपर्यंत लागणारं सगळं या बाजारात मिळतं, अशी त्याची ख्याती. पुण्याच्या मावशीला चारोळी हवी, नागपूरच्या आत्याला कोहळ्याची रखिया बडी, कुणाला दुबराज तांदूळ. बॅग एकच. आता हे सगळं बसवायचं कसं?

उत्तर बॅगेत नाही, कागदावर आहे. आपल्याकडे किराण्याची यादीसुद्धा वर ‘श्री’ लिहून आणि पहिल्या ओळीत हळद-कुंकू घालून सुरू होते. तीच शिस्त प्रवासाच्या यादीला लावा. याद्यांचा महिमा जगाला पटवून देणाऱ्या माणसाची मुळंही आपल्याच मुलखातली. शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडेंच्या गटाने शस्त्रक्रियेआधी वाचायची 19 नोंदींची यादी तयार केली आणि दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. जानेवारी 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले: शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं होतं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, फक्त यादी!

गावंडेंनी ही कल्पना वैमानिकांकडून उचलली. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत बोइंगचं नवंकोरं मॉडेल 299 उड्डाण करताच कोसळलं. वैमानिक कसलेला होता, पण जमिनीवर असताना शेपटीचे भाग घट्ट धरून ठेवणारी कळ सोडायची राहून गेली होती. तेव्हापासून उड्डाणापूर्वीची यादी आली. कसलेला माणूस विसरतो ती अवघड गोष्ट नव्हे, रोजची गोष्ट. म्हणून तुमच्या यादीत साडीच्या आधी चष्मा, रोजच्या गोळ्या आणि चार्जर लिहा.

विमानाला काय चालत नाही?

गोल बाजारातून थेट विमानतळ गाठणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. मराठी स्वयंपाकघराचा आधार असलेलं वाटीचं सुकं खोबरं विमानाला चालत नाही. त्यात तेल इतकं असतं की साठवलेलं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला चक्क क्रमांक आहे, 1363. पूजेचा कापूरही ज्वलनशील म्हणून त्याच यादीत. पॉवर बँकेचं मात्र उलटं: ती खालच्या सामानात द्यायचीच नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची. मर्यादा 100 वॅट-तास, म्हणजे साधारण 27,000 एमएएच. तूप, मध, लोणच्याचा खार हे सगळं तपासणीत ‘द्रव’. परदेशी जाताना हातातल्या बॅगेत 100 मिलीलीटरहून मोठी बाटली नको. हा नियम ऑगस्ट 2006 मध्ये लंडनला विमानं उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यावर आला.

रेल्वेचा हात सैल आहे. स्लीपरला 40 किलो सामान फुकट, एसी टू टियरला 50 किलो. देशांतर्गत विमानात बहुतेकदा 15 किलो आणि हातात सात. हवा काढून कपडे दाबणाऱ्या पिशव्या जागा वाचवतात, वजन नाही. उलट जागा दिसली की आपण आणखी भरतो!

बैलगाडी ते वंदे भारत

1877 मध्ये कोलकात्याचा चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त कुटुंबासह रायपूरला आला. रेल्वे इथवर पोचली नव्हती, त्यामुळे शेवटचे कित्येक दिवस बैलगाडीचा प्रवास. आज रायपूरच्या विमानतळाला त्याचंच नाव आहे, स्वामी विवेकानंद. नागपूर आणि रायपूर तर 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. डिसेंबर 2022 पासून दोन्ही शहरांमधून वंदे भारत धावते.

बॅगेला चाकं मात्र फार उशिरा आली. माणूस 1969 मध्ये चंद्रावर उतरला, तेव्हा पृथ्वीवरचे प्रवासी सुटकेस उचलूनच नेत होते. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी उद्योजकाला चाकाच्या सुटकेसचं पेटंट 1972 मध्ये मिळालं. ती पट्ट्याने ओढायची आणि वळणावर कलंडायची. उभी धरून दांड्याने ओढायची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने 1987 च्या सुमारास बनवली. आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: बॅगांच्या जगात नाशिकचं नाव मोठं आहे. व्हीआयपीचे कारखाने तिथे आहेत, सॅमसोनाइटचाही जवळच गोंद्याला.

आता भरा

जड वस्तू चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केल्यावर तळाशी. टी-शर्ट, कुर्ते, पायजमे गुंडाळून. मोजे बुटांच्या पोटात. कोशाच्या साडीला मात्र गुंडाळी नको. ती मलमलीच्या कापडात ठेवा आणि घडीच्या वळणात सुती पंचाची वळकटी घाला, म्हणजे कड धारदार पडत नाही आणि जर तुटत नाही. बिजौरी, म्हणजे उडदाची डाळ आणि तीळ घालून उन्हात वाळवलेली छत्तीसगढी वडी, बोटाने दाबली तरी मोडते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत देऊ नका. स्टीलचा डबा, तळाला कागद, वर कागद, झाकण हलत नाही इतपत भरलेला. चारोळीला दुहेरी पुडी पुरते. डबा बॅगेच्या मधोमध, चहूबाजूंनी कपडे.

खाऊ नेण्याची हौस अवकाशातही सुटत नाही. जून 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्यासोबत गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस होता. तिथे तर ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब!

यादीचा कागद बॅगेच्या झाकणाच्या आतल्या खिशातच ठेवा. निघताना प्रत्येक वस्तूपुढे एक खूण करा आणि परत येताना त्याच कागदावर दुसरी. चार्जर, टॉवेल आणि आत्याकडे रिकामा झालेला स्टीलचा डबा, हे तिन्ही परतीच्या वेळीच मागे राहतात.