आपोआप विझणारे प्लॅस्टिक

टीव्हीचे मागचे झाकण, मिक्सरचे आवरण, मोबाइलचा चार्जर, भिंतीवरचा स्विचबोर्ड यांचे प्लॅस्टिक मुळात खनिज तेल आणि वायूपासून तयार होते, आणि तेलाचा जळण्याचा गुण त्यात उतरलेला असतो. किलोभर लाकूड जळले तर साधारण १६ ते १८ मेगाज्यूल उष्णता निघते, किलोभर पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक जळले तर सुमारे ४०. विजेच्या उपकरणात हे इंधन तापणाऱ्या तारांना आणि जोडांना अगदी खेटून बसलेले असते. ज्वालारोधक प्लॅस्टिक म्हणजे असे पदार्थ मिसळलेले प्लॅस्टिक, की जे सहज पेटत नाही, आणि पेटलेच तर बाहेरची ज्योत दूर होताच स्वतःहून विझते.

घरात विजेची आग लागण्यामागे अनेकदा सैल जोड असतो. सॉकेटची पकड ढिली झाली, स्क्रू नीट आवळलेला नसला की त्या जागी विद्युतरोध वाढतो आणि तेवढाच बिंदू तापत जातो. प्रवाह मात्र नेहमीइतकाच असल्यामुळे एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह वाहताच वीज तोडणारा स्विच, पडत नाही. संरक्षणाची यंत्रणा जागी असूनही या आगीला ती ओळखत नाही. दुसरे कारण जादा भाराचे. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटात खुपसला, शिवाय त्याच मल्टिप्लगवर इस्त्री लावली, की आतले पितळ आणि त्याला धरून ठेवणारे प्लॅस्टिक दोन्ही तापतात.

गरम हवेच्या गावांत हा धोका वाढतो. उदाहरणार्थ, अक्कलकोट तालुक्यातले दुधनी हे सोलापूर–वाडी लोहमार्गावरचे, कर्नाटकच्या सीमेजवळचे बाजारपेठेचे गाव. या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि कूलर-पंखे तासन्‌तास चालतात. जोडाचे तापमान भोवतालच्या हवेच्या तापमानावर चढत जाते. हवाच ४२ अंशांवर असली तर प्लॅस्टिक मऊ पडण्यापर्यंतची सवलत तेवढी कमी होते. ज्वालारोधक सॉकेटची आणि चांगल्या वायरची गरज म्हणूनच थंड हवेच्या गावापेक्षा इथे जास्त आहे. दुधनीहून अक्कलकोटमार्गे सोलापुरात शिरताना लागणाऱ्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ रोजी पहाटे टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जणांचा मृत्यू झाला. शॉर्टसर्किट हे कारण असल्याचा प्राथमिक अंदाज होता. तिथे आगीला खाद्य मिळाले ते कापडाचे. घरात ते काम उपकरणाचे आवरण, पडदे आणि गाद्या करतात.

विजेच्या आगीत ज्वाळेइतकाच धूर घातक असतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि १० बालके दगावली. त्यांतली तीन भाजल्याने आणि सात धुराने गुदमरून गेली, असे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. जळणाऱ्या प्लॅस्टिकमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. एबीएस, नायलॉन, पॉलियुरेथेन फोम यांत नायट्रोजन असल्यामुळे हायड्रोजन सायनाइडही निघतो. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो डोळे आणि श्वासनलिका जाळतो. आग विझवण्याइतकेच धूर कमी ठेवण्याला महत्त्व आहे ते यामुळे.

प्लॅस्टिक थेट जळत नाही. उष्णतेने त्याचे मोठे रेणू तुटून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ज्योत त्या वायूंची असते. ज्योतीची उष्णता पुन्हा प्लॅस्टिक तोडते, नवा वायू मिळतो, आणि चक्र सुरू राहते. ज्वालारोधके हे चक्र कुठेतरी तोडतात. ब्रोमीनयुक्त संयुगे ज्योतीतच काम करतात: त्यांतून निघणारा हायड्रोजन ब्रोमाइड ज्वलन पुढे नेणारे अतिक्रियाशील मूलक टिपून घेतो. सोबत अँटिमनी ट्रायऑक्साइड असले तर थोड्या ब्रोमीनमध्ये काम भागते. फॉस्फरसची संयुगे बहुधा पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतात. त्याखालच्या प्लॅस्टिकपर्यंत उष्णता पोहोचत नाही आणि आतला वायू बाहेर येत नाही. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची रीत सगळ्यांत साधी. सुमारे २०० अंशांना ते फुटते, वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक पाणी वाफेच्या रूपात सोडते आणि उष्णता शोषून घेते. त्यातून विषारी वायू येत नाही. पण ते वजनाने निम्म्याहून अधिक घालावे लागते, त्यामुळे प्लॅस्टिक जड आणि ठिसूळ होते. म्हणून ते वायरच्या आवरणात चालते, टीव्हीच्या पातळ कवचात नाही.

प्लॅस्टिक किती सुरक्षित, हे चाचणीवरून ठरते. यूएल ९४ या पद्धतीत उभ्या पट्टीला खालून दहा-दहा सेकंद दोनदा ज्योत लावतात. दर वेळी दहा सेकंदांच्या आत ती विझली आणि पेटते थेंब पडून खालचा कापूस पेटला नाही, तर व्ही-० श्रेणी मिळते. जाडी कमी केली की तेच प्लॅस्टिक या श्रेणीतून घसरू शकते. दुसरी चाचणी तापलेल्या तारेची. सॉकेटमध्ये विद्युतवाही भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकवर ८५० अंशांची तार ३० सेकंद टेकवतात. तार काढल्यावर ३० सेकंदांत ज्योत विझली पाहिजे. सैल जोडाचा धोका हीच चाचणी नेमका दाखवते, म्हणून ग्राहकाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची मानावी.

या रसायनांची दुसरी बाजूही आहे. जुनी ब्रोमीनयुक्त संयुगे, विशेषतः पीबीडीई गटातली, प्लॅस्टिकमध्ये नुसती मिसळलेली असतात, रेणूंना बांधलेली नसतात. ती झिरपत घरातल्या धुळीत आणि तिथून शरीरात जातात, चरबीत साचतात. टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारात यांतली काही २००९ मध्ये आणि डेकाबीडीई २०१७ मध्ये समाविष्ट झाले. भारताच्या २०११ च्या ई-कचरा नियमांनी इलेक्ट्रॉनिक वस्तूंतले पीबीडीईचे प्रमाण ०.१ टक्क्यावर रोखले. सर्किट बोर्डात वापरले जाणारे ब्रोमीनचे संयुग मात्र बहुतांशी इपॉक्सीशी रासायनिक बंधाने जोडलेले असते, त्यामुळे ते सहसा झिरपत नाही. सगळी ज्वालारोधके सारखीच वाईट ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे.

दुकानात पाहण्याच्या गोष्टी मोजक्या आहेत. वायरवर आयएस ६९४ आणि आयएसआय चिन्ह छापलेले असते. एफआर म्हणजे ज्वालारोधक, आणि एफआर-एलएसएच असेल तर ती धूर व आम्लवायू कमी सोडते. बंद खोल्यांच्या घरात दुसरी घ्यावी. हॅलोजनविरहित वायरसाठी आयएस १७०४८ हे वेगळे मानक आहे. प्लग-सॉकेटवर आयएस १२९३ आणि स्विचवर आयएस ३८५४ पाहावे. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असावा. रॉड, गीझर, इस्त्री यांना १६ अँपिअरचा सॉकेट द्यावा. जो प्लग गरम लागतो किंवा पिवळा पडला आहे तो बदलावा, कारण ज्वालारोधक प्लॅस्टिकने ज्योत विझते, सैल जोड घट्ट होत नाही.

उपकरण निकामी झाल्यावर ते भंगारात जाते, आणि तिथे तांब्यासाठी वायर जाळली जाते. पीव्हीसी व ब्रोमीनयुक्त प्लॅस्टिक उघड्यावर कमी तापमानात जळले की डायॉक्सिनसारखी घातक संयुगे तयार होतात. हेच काळे प्लॅस्टिक वितळवून खेळणी आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवल्याचेही इतर देशांत तपासण्यांतून आढळले आहे. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जुनी उपकरणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.