‘द’ कुठे गाळावा?

आपल्या मराठीत उपपद नाही. त्यामुळे इंग्रजी लिहिताना आपण ‘द’ एक तर जागोजाग ठोकून देतो, नाही तर सगळीकडे गाळतो. थोडा विचार केला तर त्यात रीत सापडते.

गाव, भाषा आणि एकटे सरोवर यांच्या नावापूर्वी ‘द’ नको : शेगाव, मराठी, लोणार लेक. नदीला मात्र तो हवा : ‘द पैनगंगा’. डोंगररांगेलाही हवा : ‘द अजिंठा हिल्स’. पण एकट्या शिखराला, कळसूबाईला, नको.

वस्तूविषयी सर्वसाधारण बोलायचे तर ‘द’ गळतो. ‘कॉटन’ म्हणजे कापूस, कुणाचाही. ‘द कॉटन’ म्हणजे ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तोच, आपल्या गाडीतला.

खरी गोम पुढे आहे. पोर शिकायला जाते ते ‘टु स्कूल’. बाप फी भरायला जातो तो ‘टु द स्कूल’. ‘इन प्रिझन’ असतो तो कैदी; ‘इन द प्रिझन’ त्याला भेटायला गेलेला भाऊही असेल. ब्रिटिश रिवाजात ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे रुग्ण म्हणून दाखल. अमेरिकन लोक मात्र तिथेही ‘द’ लावतात.

गावात इंग्रजी अर्ज लिहायचा झाला की कागद कॉलेजातल्या पोराकडेच येतो. सांगणाऱ्याला तो वाचता येत नाही. तो विश्वासाने खाली अंगठा उठवतो. म्हणून मित्रहो, हे एक अक्षर केवळ परीक्षेच्या गुणांपुरते समजू नका. भेटायला गेलेला भाऊ आपल्या लेखणीने कैदी ठरता कामा नये.