कापूस सातपुड्यापलीकडे का जात होता?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाडाचे जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले आणि सातपुड्यात राज्याची हद्द पडली. अर्धशतकाहून अधिक काळ नागपूरच्या एकाच कारभाराखाली राहिलेले परतवाडा आणि बैतूल, वरुड आणि पांढुर्णा असे शेजारी दोन राज्यांत वाटले गेले. एवढ्याने कापसाची गाडी मात्र अडली नाही. रुपया तोच होता आणि देशभरचा व्यापार मोकळा राहील, असे घटनेचे ३०१वे कलम सांगतच होते. हद्दीला धार आली ती १९७२-७३च्या हंगामात, वसंतराव नाईकांच्या सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली तेव्हा, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. नकाशावर रेघ ओढली म्हणून रस्त्यावर नाका येत नाही. दोन बाजूंचे भाव किंवा नियम वेगळे झाले की येतो. आणि ते वेगळेपण टिकून असेपर्यंत तो या ना त्या जागी राहतोच, असे माझे म्हणणे आहे.

योजनेचा हेतू चांगला होता. व्यापारी आणि दलाल बाजूला सारून राज्यातला सगळा कापूस सहकारी पणन महासंघाने घ्यायचा, जिनिंग-प्रेसिंग करून रुई नि सरकी विकायची, नफा झाला तर त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याला द्यायचा आणि उरलेला चढउतार निधीत टाकायचा, अशी ती रचना. पण एकाधिकार म्हटला की दुसऱ्या कोणाला कापूस विकणे गुन्हा ठरते, आणि हद्दीवर पथके उभी करावी लागतात. ज्या वर्षी बाहेर भाव चढला, त्या वर्षी कापूस मध्य प्रदेशात, गुजरातेत, यवतमाळच्या बाजूने आदिलाबादकडे जाऊ लागला. याला केवळ भावाचा लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. खरेदी केंद्रावर रांग, प्रतवारीवरून वाद, चुकारा हप्त्याहप्त्याने, आणि त्यातूनही सोसायटीचे पीककर्ज परस्पर कापलेले. पलीकडचा व्यापारी मात्र रोख मोजत होता. मुलीच्या लग्नाची तारीख काही महासंघाच्या दुसऱ्या हप्त्यासाठी थांबत नाही. दोन भावांमधला फरक पोलिसाला दिसत तरी होता, दोन चुकाऱ्यांमधल्या महिन्यांचा फरक कुठल्या पथकाने पकडायचा?

याची दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. बाजार पडला आणि महासंघाचा हमीभाव वरचढ ठरला, की ओघ उलटा फिरे. शेजारच्या राज्यांतला कापूस हद्द ओलांडून आत येई, इथल्या कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढे आणि खरेदी केंद्रावर मोजला जाई. काल बाहेर जाणाऱ्या गाड्या अडवणाऱ्यांना आज आत येणाऱ्या अडवायच्या असत, रस्ते मात्र तेच. तेजीत माल निसटायचा आणि मंदीत परका माल गळ्यात पडायचा, अशा योजनेचा तोटा वाढत जाणे अटळ होते. २००२मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली. गस्त कडक करून जे साधले नव्हते ते एका परवानगीने साधले, आणि कापसाच्या नाक्याला काम उरले नाही.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला आणि वर्षअखेरीस त्याच्या सामाईक बाजारातूनही निघाला, तेव्हा हाच पेच मोठ्या आकारात उभा राहिला. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यातली हद्द सुमारे ५०० किलोमीटरची, तिच्यावर रस्ते दोनशेहून अधिक. १९९८च्या शांतता करारानंतर तिथे पुन्हा चौक्या उभ्या करणे कोणालाच परवडणारे नव्हते. पण दोन बाजूंचे जकातीचे आणि अन्नसुरक्षेचे नियम तर वेगळे होणार होते. मग तपासणी समुद्रावर सरकली: ग्रेट ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणारा माल बेलफास्ट, लार्नसारख्या बंदरांत तपासला जाऊ लागला, म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांमध्ये. २०२३च्या विंडसर करारानेही मालाला हिरवी आणि तांबडी अशा दोन वाटा करून दिल्या, तपासणी संपवली नाही. खुद्द ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या मांस-दुग्धजन्य मालाची प्रत्यक्ष तपासणी वारंवार पुढे ढकलली आणि ती सुरू व्हायला ३० एप्रिल २०२४ उजाडला.

यावर दोन आक्षेप येतात. एक असा, की एका घटनेखालच्या दोन राज्यांची हद्द आणि दोन सार्वभौम देशांची सरहद्द यांची तुलनाच होत नाही. फरक आहेच, सातपुड्यात ना पासपोर्ट होता ना सीमाशुल्क. पण एक चलन, एकच सर्वोच्च न्यायालय आणि हद्दीच्या दोन्हीकडे सोयरिकी असतानाही जर नाका उगवला, तर या सोयी नसलेल्या ठिकाणी तो टळेल ही आशा कशाच्या बळावर धरायची? दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: आगाऊ कागदपत्रे, कॅमेरे, संगणक आले की थांबायची गरजच नाही. नॉर्वे आणि स्वीडन यांच्याइतके सलोख्याचे आणि तंत्रज्ञानात पुढारलेले शेजारी थोडेच. नॉर्वे युरोपच्या सामाईक बाजारात आहे, जकात संघात नाही. एवढ्या एका फरकापायी त्यांच्या हद्दीवरच्या स्विनेसुंडला आजही सीमाशुल्क कचेरी आहे आणि मालाचे ट्रक तिथे थांबतात. यंत्राने थांबण्याची मिनिटे कमी होतात, हे मान्य; थांबणे मात्र संपत नाही.

वेगळ्या नियमामागे नाका येतो म्हणून प्रत्येक वेगळा नियम चुकीचा ठरत नाही. गुलाबी बोंडअळीचे चक्र तुटावे म्हणून महाराष्ट्राच्या कृषी खात्याने काही हंगामांत १ जूनपूर्वी कापूस बियाण्याच्या विक्रीला मनाई केली. हंगामपूर्व लागवडीने अळीला आयता आसरा मिळतो, तेव्हा या नियमामागचे शास्त्र बरोबर आहे. तरीही ओलिताची सोय असलेला शेतकरी मे महिन्यातच शेजारच्या राज्यातून पाकिटे आणतो. पथके नेमली जातात, छापे पडतात. अळीचा पतंग मात्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना उडतो, त्यामुळे विक्रीची तारीख मुंबई, भोपाळ, गांधीनगर आणि हैदराबाद यांनी एकत्र बसून ठरवणे हे परतवाड्याच्या रस्त्यावर आणखी एक पथक उभे करण्यापेक्षा स्वस्त पडेल, आणि ते ठरवायला मार्च महिनाच बरा.