होळकरांची ड्यूसेनबर्ग

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना नव्या युगाची नजर होती. राहायचा माणिकबाग महाल त्यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून घडवून घेतला आणि गाडीही तशीच निवडली. अमेरिकेच्या इंडियानापोलिसमधली ड्यूसेनबर्ग एसजे!

8 सिलिंडरचं, जवळपास 6.9 लिटरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर. कंपनी 320 अश्वशक्तीचा दावा करी. त्या काळी हा आकडा थक्क करणाराच. मात्र सांगाडा अमेरिकी, तर देखणी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. रंग होळकरी, केशरी आणि काळा.

1937 मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनी बंद पडली. महाराजांचं निधन 1961 मध्ये झालं. त्यांची ही गाडी पुढे अमेरिकी संग्राहकांकडे गेली.