उगमापाशी तहान



राजुरीहून आदिवासी वाड्यांवर जायचे म्हणजे पश्चिमेला, नद्यांच्या उगमाकडे जायचे. कुकडी नदी पूर गावी कुकडेश्वराजवळ उगम पावते, तर घोड नदी आहुप्याच्या डोंगरात. पुढे कुकडी घोडला आणि घोड भीमेला मिळते. कुकडीवर माणिकडोह व येडगाव ही धरणे आहेत, घोडवर डिंभे. डिंभ्याचे पाणी डाव्या कालव्याने येडगावला येते आणि तेथून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. खालच्या गावांतला ऊस, द्राक्षे, टोमॅटो या पाण्यावर उभे आहेत.

मात्र मार्च सरला की उगमाजवळच्या महादेव कोळी, ठाकर व कातकरी वस्त्यांतील बाया-मुली हंडा घेऊन दरीत उतरताना मी दरवर्षी पाहतो. मंडळीतले लोक विचारतात, "तिकडे तर धो धो पाऊस पडतो, मग पाणी कुठे जाते?"

सह्याद्रीचा कातळ काळा आणि कठीण. त्यावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. चार महिन्यांचा पाऊस मुरण्याआधीच ओढ्यांतून धरणात जातो. धरण खाली, वस्ती वर. पाणी डोळ्यांना दिसते, पण घरात चढत नाही. पावसाळ्यात एक भातपीक निघते; नंतर हिरडा गोळा करणे किंवा खाली बागायतीत मजुरी.

डिंभे धरणात तर जुने आंबेगावच बुडाले. घोडखोऱ्यातील अनेक आदिवासी कुटुंबांची भातखाचरे पाण्याखाली गेली. त्यांतल्या काहींनी पुढे त्याच जलाशयात मासेमारी सुरू केली. डोंगरउतारावर सर्वांनी मिळून नवी खाचरे काढण्याची 'पडकई' ही त्यांची जुनी रीतही उपयोगी पडली.

अशा वस्त्यांना मोठ्या योजनेआधी लहान कामे लागतात: झऱ्याभोवती दगडी बांधकाम, ओढ्यावर छोटा बंधारा, छपराचे पाणी धरणारी टाकी. हंडा लवकर भरला तर मुलगी वेळेवर शाळेत पोहोचते.

भर दुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीशी प्रभू येशूने आधी पाण्याविषयीच बोलणे केले. आपणही नळ उघडताना वरच्या वाड्यांची आठवण ठेवावी. त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि पावसाळ्याआधीच्या श्रमदानाला या.

प्रभूच्या सेवेत,
आपला बंधू