भीतीची आठवण बदलता येते?

युद्ध, अपघात वा अत्याचारातून वाचलेल्या काहींना तो प्रसंग वर्षानुवर्षे छळतो. साध्या आवाजानेही छातीत धडधडते. या आघातोत्तर तणाव विकारात मेंदूतील 'अमिग्डाला' हा भीतीशी निगडित भाग अतिसंवेदनशील बनतो. पक्की झालेली आठवण बदलत नाही, या समजाला न्यूयॉर्क विद्यापीठातील करीम नादेर, जोसेफ लेडू यांच्या प्रयोगाने २००० साली धक्का दिला. आवाजापाठोपाठ विजेचा झटका सोसलेले उंदीर पुढे नुसत्या आवाजालाही घाबरत. ही आठवण जागी करून लगेच अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिल्यावर भीती ओसरली. आठवण न जागवता दिलेले औषध निष्प्रभ ठरले. माणसांवर प्रोप्रॅनोलॉल या रक्तदाबावरील औषधाचे प्रयोग झाले; पण निष्कर्ष संमिश्र आहेत. त्यामुळे तज्ज्ञाच्या सोबतीने आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे, हाच तूर्त अधिक भरवशाचा मार्ग. त्यात प्रसंग विसरला जात नाही. त्याची दहशत कमी होते.