ओल्या भिंतीला आतून ऑइलपेंट नको

आपल्यापैकी पुष्कळांचे घर आणि धंदा एकाच छपराखाली असतो. खाली माल, वर मुलेबाळे. त्यामुळे भिंतीला ओल आली की नुकसान खातेवहीतही उतरते.

भिवंडीत आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीला टेकवून ठेवलेल्या सुती ताक्यांवर एका पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके पडले. माल निम्म्या भावात काढावा लागला. रंगाऱ्याचे ऐकून आम्ही भिंतीला आतून ऑइलपेंट मारला. पुढच्या पावसाळ्यात त्याला फुगे आले, पोपडे पडले. पाणी बाहेरून येत होते आणि आम्ही त्याची सुकण्याची वाट आतून बंद केली होती!

म्हणून आधी ओल कोठली ते ओळखावे. जोत्यापासून दोन-तीन फूट चढलेली, पांढरा लोणा सोडणारी ओल बहुधा जमिनीतली. पावसाच्या झडीबरोबर वाढणारी, खिडकीच्या कोपऱ्याजवळची ओल गिलाव्याच्या भेगांतून येते. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम भिंतींना मार जास्त. शंका असल्यास फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस भिंतीवर ठेवावा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे धरले तर पाणी भिंतीतले; खोलीच्या बाजूस धरले तर हवेतले, मग खिडक्या उघडाव्यात.

झडीच्या ओलीवर इलाज बाहेरूनच. उन्हाळ्यात भेगा खोदून भराव्यात, नवा गिलावा दोन थरांत करून निदान सात दिवस पाणी मारावे. गवंडी घाई करतो, आपण करू नये. त्यावर पत्रा ठोकायचा तर भिंतीला चिकटवू नये. पट्ट्या मारून दोन इंच पोकळी सोडावी. खालून आणि वर छज्ज्याखाली हवा खेळती राहू द्यावी. कोकणात पावसाआधी भिंतीला झावळ्यांची झापे बांधतात, तीच ही युक्ती.

या पोकळीचा दुसरा फायदा उन्हाळ्यात. दुपारचे ऊन पत्रा झेलतो, भिंत कमी तापते. रजई ऊब देते ती कापसात अडकलेल्या हवेमुळे. भिजली की ऊब गेली. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. विटांचेही तसेच. ओली भिंत ऊन अडवीत नाही.

जमिनीतल्या ओलीचे काम मात्र खर्चाचे आहे. जोत्यावर ओल अडवणारा थर घालायचा तो बांधतानाच. तो नसेल तर निदान भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली उतरवावी आणि पागोळ्यांचे पाणी दूर न्यावे. ताके आम्ही आता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचतो.